चालू धंदा बंद करून

सरकार नवा उद्योग सुरू करणाऱ्यांना अनुदान देतं, ही बातमी मला आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी लिफ्टपाशी गाठून दिली. काका कुठल्याशा सरकारी खात्यात उभा जन्म टेबलाच्या पलीकडे बसले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांना टेबलाची अलीकडची बाजूही किती सुखाची असते ते इतरांना पटवून द्यायचं होतं. स्वतः मात्र ते त्या बाजूला कधी गेले नव्हते. कुणाचा मुलगा नोकरी जाऊन घरी बसला, कुणाच्या सुनेने ब्लाउज शिवायला घेतले, की काका मोबाइल पुढे करून योजना वाचून दाखवायचे. त्यातून आजवर कुणाचा उद्योग उभा राहिल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यात योजनांचा दोष नाही, लोकच चिकाटी ठेवत नाहीत, असं काकांचं म्हणणं होतं.

माझ्याकडे चिकाटी होती, कारण मी भाजणी करते. ज्यांनी ती कधी केली नाही त्यांना सांगते, तांदूळ, डाळी, ज्वारी, बाजरी, धणे, जिरे हे सगळं एकदम कढईत लोटून चालत नाही. प्रत्येक धान्य वेगळं घ्यायचं, मंद आचेवर धरायचं आणि त्याच्या त्याच्या रंगावर येईपर्यंत हलवत राहायचं. मग गिरणी. महापेच्या एका कंपनीत मी हिशेब बघायचे तेव्हा माझ्या डब्यातली थालीपिठं माझ्या वाट्याला कधी आली नाहीत. पुढे त्या कंपनीने ऑफिस गुजरातला हलवलं आणि आम्हाला फार प्रेमाने सांगितलं की ज्यांना यायचं आहे त्यांनी जरूर यावं. मी गेले नाही. घरी बसल्यावर जुन्या मैत्रिणी भाजणी मागायला लागल्या, मग त्यांच्या बहिणी, मग बहिणींच्या शेजारणी. काही जणी विमानतळाच्या आशेवर उलव्याला फ्लॅट घेऊन राहायला गेल्या, तरी पाकिटं तिकडे मागवत राहिल्या. दिवाळीच्या आधीचा महिना तर चकलीच्या भाजणीपायी मला जेवायला उसंत नसायची.

सुरुवातीला हे घरातच चालायचं. मग सोसायटीच्या कमिटीची नोटीस आली की आपल्या स्वयंपाकघरात चालणाऱ्या प्रकारांमुळे मजल्यावर सतत वास येतो. कमिटीतल्या दोघांच्या घरी माझीच भाजणी जात होती, पण वास हा वेगळा विषय होता. म्हणून मी घणसोली गावात एक खोली भाड्याने घेतली. आमच्या टॉवरच्या गेटातून निघून रस्ता ओलांडला की गाव सुरू होतं. घरं एकमेकांना इतकी खेटून, की एका घरातल्या कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या घरातली बाई मोजते. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायची. जाडजूड, मोठ्या आवाजाची, करावे गाव माहेर असलेली बाई. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला बाय म्हणायची. वासाबद्दल तिची एकच तक्रार होती, की त्याने भूक लागते.

खोलीच्या दाराशी मी एक छोटा बोर्ड लावला होता. 'घरगुती भाजणी, मेतकूट' आणि खाली माझा नंबर. माझ्या नवऱ्याने तो बोर्ड बघून छान आहे असं म्हटलं. नवरा माणूस चांगला आहे. न्हावा-शेव्याला एका ऑफिसात काम करतो, घरी आला की स्वतःचा चहा स्वतः करतो. पण पाहुण्यांनी विचारलं की तो सांगायचा, "तिचं ते भाजणीचं चालू असतं. वेळ चांगला जातो तिचा." मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे त्याने 'गृहिणी' लिहिलं. मी म्हटलं, अहो, मी दिवसभर खोलीवर असते. तो म्हणाला, "अगं, फॉर्ममध्ये ते कुठे लिहायचं? व्यवसाय म्हणजे कसं, व्यवसाय." त्याला काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं, आणि ते मला लागलं.

तर मला हवं होतं ते रोस्टर. धान्य भाजायचं यंत्र, आतला पिंप आपोआप फिरतो, बाईचा खांदा फिरत नाही. माझा उजवा खांदा तोवर कामातून गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात विश्रांतीत ठेवा, आणि पुढची दिवाळी मी त्या हाताने काढू शकेन असं मला खरंच वाटत नव्हतं. यंत्र नाही आलं तर धंदा बंद, इतकं ते साधं होतं. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"वहिनी, तुमच्यासारख्यांसाठीच योजना आहे," ते म्हणाले. "महिला, त्यात अन्नप्रक्रिया. यंत्राच्या किमतीतला मोठा हिस्सा शासन देणार. फक्त एक अट आहे. उद्योग नवीन पाहिजे."

"माझा तर चार वर्षं चालू आहे."

"तीच अडचण आहे," काका गंभीरपणे म्हणाले. एखाद्या रोग्याला उशिरा दवाखान्यात आणल्यावर डॉक्टर जसे नातेवाइकांकडे बघतात तसे ते माझ्याकडे बघत होते. "चालू कशाला केलात?"

मी क्षणभर ओशाळले, हे आज आठवलं की माझंच मला हसू येतं. शासनाला न विचारता मी ग्राहक जमवले होते, माल विकला होता, भाडं वेळेवर भरलं होतं. एवढा बेजबाबदारपणा करून वर मदत मागायला निघाले होते. पण काका अनुभवी होते. त्यांनी उपाय सांगितला. चालू आहे ते बंद करायचं, बंद झालं की काही नाही, आणि काही नाही म्हणजे आपण नवीन.

"दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "गणपतीत अर्ज टाकू. दिवाळीला तुमचं यंत्र फिरत असेल."

मी नवऱ्याला विचारलं. त्याने नियम वाचला, दोनदा वाचला आणि म्हणाला की काका म्हणतात त्यात पॉइंट आहे. दिवाळीच्या ऑर्डरी ऑगस्टपासूनच यायला लागतात, त्यांचं काय करायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सांग ना, सध्या बंद आहे. टेन्शन काय घेतेस? परत येतील." ज्याने आयुष्यात एकाही ग्राहकाला एकही वस्तू विकलेली नाही त्याला ग्राहकांबद्दल जेवढा विश्वास असतो, तेवढा मला आजवर कधी वाटलेला नाही.

तरी मी बंद केलं. दारावरचा बोर्ड काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. खाद्यपदार्थांची माझी नोंदणी होती, ती काकांच्या सांगण्यावरून रद्द करून घेतली, कारण नोंदणी म्हणजे पुरावा. नोंदणी मिळायला पूर्वी मला बऱ्याच खेपा पडल्या होत्या. रद्द मात्र ती चुटकीसरशी झाली, शासन एवढ्या चपळाईने काम करताना मी पहिल्यांदाच बघितलं. अर्ज काकांनी भरला. 'सध्याचा व्यवसाय' या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात 'निरंक' लिहिलं आणि समाधानाने पेन खिशाला लावलं.

मावशीला मी हे समजावायला गेले तेव्हा ती पायरीवर बसून कोलंबी सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंजे चालू धंदा बंद करून तोच धंदा चालू करायला सरकार पैसं देनार?"

"तसंच काहीसं."

"आनि भारा?"

"भाडं मी देत राहीन मावशी."

"मंग तुमचा कायबी करा," ती म्हणाली, आणि कोलंबीकडे वळली. पण कढया तिने वर नेऊन ठेवायला मदत केली, आणि माझ्याकडे उरलेली चकलीची भाजणी, जी टाकवत नव्हती आणि विकता येत नव्हती, ती मी तिलाच दिली.

यानंतर मी शासकीय दृष्ट्या होतकरू झाले. अर्जासोबत प्रकल्प अहवाल लागतो. तो करून देणारा वाशीत एक तरुण बसतो, त्याच्याकडे काका मला घेऊन गेले. त्याने मला काय करायचं आहे ते दोन मिनिटं ऐकलं आणि तीन दिवसांनी एक जाडजूड अहवाल हातात ठेवला. कव्हरवर माझं नाव आणि कढईचा रंगीत फोटो. आत चौथ्या पानापासून बटाटे सुरू होत होते. बटाट्यांची उपलब्धता, बटाटे सोलण्याचं यंत्र, बटाट्यांच्या सालींची विल्हेवाट. वेफर्सवाल्या कुणाचा तरी अहवाल त्याने माझ्या अंगाला बेतला होता. मी दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आत कोण वाचतं?" तरी माझ्या आग्रहाखातर त्याने बटाटे काढून तिथे धान्य घातलं. सालींची विल्हेवाट तशीच राहिली.

मग प्रशिक्षण. ते मोबाइलवर घ्यायचं होतं, घरबसल्या, रोज ठरावीक वेळ. पडद्यावर एक टाय लावलेला मुलगा उद्योजक म्हणजे कोण ते सांगायचा. तो तसा गोड होता. एका धड्याचं नावच होतं, 'तुमचा पहिला ग्राहक कसा शोधाल?' तो धडा चालू असताना उलव्याच्या बाईचा फोन आला. धडा आपोआप थांबला. "ताई, या वर्षी पाच किलो लागेल, सुनेच्या माहेरी पण द्यायचीय." मी सांगितलं की सध्या बंद आहे. का, तब्येत बरी नाही का, असं तिने काळजीने विचारलं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर टायवाला मुलगा पुन्हा बोलायला लागला, की ग्राहक हा आपल्याकडे चालत येत नसतो, त्याला शोधत जावं लागतं. मी वहीत लिहून घेतलं, कारण शेवटी परीक्षा होती.

परीक्षेत मी उत्तम गुणांनी पास झाले. त्याच आठवड्यात गावाच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात 'अस्सल घरगुती भाजणी' अशी पाटी लागली. मी एक पाकीट आणून बघितलं. कच्ची होती. उडीदडाळ तर कढईला नुसती दाखवून परत आणलेली. लोक ती नेत होते, आणि मला रात्री झोप लागत नव्हती, हे मी इथे मोकळेपणाने सांगते. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला की बघ, म्हणजे मार्केट आहे.

गणपती गेले, नवरात्र गेलं. अर्ज 'प्रक्रियेत' होता. काका रोज सकाळी फेऱ्या मारताना मोबाइलवर बघून मला खालूनच हात करायचे, प्रक्रियेत. दसऱ्यानंतर फोन आला, की जिल्ह्याच्या कार्यालयातून साहेब जागेची पाहणी करायला येतील. जागा रिकामी आहे ना, उद्योग अजून सुरू झालेला नाही ना, एवढंच बघायचं असतं. हे ऐकून काकांनी मला जवळ बसवून सूचना दिल्या. जास्त बोलायचं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं. चहा द्यायचा, पण साधा.

मी आणि मावशीने खोली दोनदा फिनेलने धुतली. तरी भिंतीतून धण्याचा वास येत होता, चार वर्षं मुरलेला. मी उदबत्त्या लावल्या. मग खोलीत देवळाचा आणि भाजणीचा मिळून असा वास सुटला की कुणालाही वाटावं इथे आत्ताच प्रसाद झालाय. एक प्लास्टिकचं टेबल, दोन खुर्च्या, आणि बशीत दुकानातली बिस्किटं. बोर्ड कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्यावर मी चादर टाकली. काका येणार होते, पण ऐन वेळी त्यांचं बीपी वाढलं.

साहेब आले ते दुपारी, उन्हातून चालत, कारण गावात गाडी शिरेना. मला वाटलं होतं कुणीतरी कपाळाला आठ्या घालून येणारा माणूस असेल. पण हा पन्नाशीचा, खांद्याला कापडी पिशवी, चप्पल दाराबाहेर काढून आत आलेला. त्याने खोली बघितली, विजेचा मीटर बघितला, माझा अर्ज टेबलावर उघडा ठेवला. "जागा चांगली आहे मॅडम. हवेशीर आहे," तो म्हणाला. खोलीला एकच खिडकी आहे आणि ती शेजारच्या भिंतीकडे उघडते. तो मन राखायला म्हणाला, आणि मला एकदम अपराध्यासारखं वाटायला लागलं.

मी चहा दिला, बिस्किटं पुढे केली. तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या आणि मावशी ताट घेऊन खाली आली. ताटात चकल्या.

मावशीला मी सगळं शिकवलं होतं. काय बोलायचं नाही, कढया कुठे आहेत ते सांगायचं नाही, मी इथे कधीपासून आहे ते सांगायचं नाही. तिने ते सगळं पाळलं. पण दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली, माणूस उन्हातून चालत आपल्या दारात आलेला, आणि त्याच्यापुढे बिस्किट, हे तिला बघवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही बघवत नव्हतं, पण माझा सबसिडीत जीव अडकला होता. "घ्या सायेब. तसली बिस्किटा काय खाता?" ती म्हणाली, आणि ताट अर्जावरच ठेवलं.

साहेबांनी एक चकली मोडली. तिचा तो आवाज झाला. ज्यांनी चकली केली आहे त्यांना माहीत असतं, आवाजावरूनच कळतं की भाजणी कशी झाली होती. त्यांनी खाल्ली, मग दुसरी घेतली. खाताना ते अर्ज विसरले.

"कुठली हो ही चकली?"

"मीच केली ना, कालच्याला," मावशी म्हणाली, खरं तेच.

"भाजणी घरची?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं की इथून पुढे तुझं तू बघ.

कोपऱ्यावरच्या दुकानाचं नाव घेतलं असतं की विषय संपला असता. तेवढंच करायचं होतं. ते नाव माझ्या जिभेवर आलंही, आणि ती कच्ची उडीदडाळ आठवली. माझ्या भाजणीला त्या दुकानाची म्हणणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "इथे एक बाई करायच्या. हल्ली बंद केलंय त्यांनी."

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "का बंद केलं?"

"काही अडचण होती."

"हे असंच होतं बघा मॅडम." त्यांनी तिसरी चकली घेतली. "आमच्याकडे अर्ज येतात ते बहुतेक अहवालवाल्यांचे. आत काय लिहिलंय ते अर्जदारालाही ठाऊक नसतं. आणि असं खरं काम करणाऱ्या बाया आमच्यापर्यंत येतच नाहीत. त्यांना कुणी सांगतच नाही की शासन मदत करतं." त्यांनी खिशातलं पेन काढलं, पिशवीतून एक कागद काढला. "त्या बाईंचा नंबर असेल तर द्या. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी."

चार वर्षांत माझ्या भाजणीचं कौतुक करून कुणी नंबर मागितला की माझं तोंड आपोआप चालायला लागतं. जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना. पेन निघालं की नंबर निघतो. मी नंबर सांगितला. साहेब आकडा-आकडा लिहीत गेले. शेवटचे काही आकडे लिहिताना त्यांचा हात मंदावला. त्यांनी ताट अलगद बाजूला केलं आणि खालचा माझा अर्ज वाचला, जिथे अर्जदाराचा मोबाइल क्रमांक लिहिलेला असतो.

मावशी वर जायच्या बेताने उठली आणि परत बसली.

"म्हणजे त्या बाई," साहेब म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून करता?"

मग मी सगळं सांगितलं. काकांनी बजावलं होतं तसं विचारतील तेवढंच सांगितलं नाही. गुजरातला गेलेली कंपनी सांगितली, खांदा सांगितला, उलव्याची बाई सांगितली, कोपऱ्यावरचं दुकान तर फारच सविस्तर सांगितलं. चादर ओढून बोर्ड फिरवून दाखवला. साहेबांनी तो वाचला. मला वाटलं आता ते चिडतील. चिडले असते तर मला भांडता आलं असतं, आणि त्या दिवशी मला भांडायची फार गरज होती.

"मॅडम, आता मी हे बघितलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "न बघितल्यासारखं नाही करता येत मला. उद्योग नवीनच असावा लागतो."

"माहीत आहे."

त्यांनी अर्ज मिटला, पिशवीत ठेवला, दाराशी जाऊन चप्पल घातली. मग वळून विचारलं, "दिवाळीच्या आत दोन किलो मिळेल?"

मी म्हटलं मिळेल.

ते गेल्यावर मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रडले. रोस्टर गेलं होतं. तीन महिने गेले होते. मावशीने मला रडू दिलं आणि मग वर जाऊन कढई आणली. ती जमिनीवर ठेवताना मोठा आवाज झाला. "उठ बाय," ती म्हणाली. "आता चालूच हाय म्हनून सांगितलंस ना?"

त्या दिवाळीत मावशी आणि मी पाळीपाळीने भाजलं. तिला धान्याचा रंग कळायचा नाही आणि ती गॅस मोठा करायची, दर थोड्या वेळाने मी ओरडायचे, ती मला उलटून बोलायची. खांद्याला मी पट्टा बांधला होता. ज्यांना नाही म्हटलं होतं त्यांना एकेकीला फोन केले, अगदी टायवाल्या मुलाने शिकवलं होतं तसे, ग्राहकाला शोधत जाऊन. काही परत आल्या. काहींनी दुकानातून आणून ठेवली होती. उलव्याची बाई म्हणाली की मोबाइलवर बघून तिने घरीच केली, आणि बरी झाली. हे मला अजून पचलेलं नाही.

काका माझ्यावर रागावले होते. एवढं सगळं जमवून आणलं आणि वहिनींनी स्वतःचा नंबर दिला, असं ते लिफ्टमध्ये लोकांना सांगायचे. मात्र त्यांची चिकाटी मोठी. पाडव्यानंतर ते दुसरी योजना घेऊन आले. ही जुन्या, चालू उद्योगांसाठी होती, यंत्र घ्यायलाच. मी वाचली. सलग चालू असल्याचा पुरावा जोडावा, खाद्यपदार्थ नोंदणी असल्यास उत्तम. मी काकांकडे बघितलं. काकांनी लिफ्टचं बटण दाबलं.

नोंदणीसाठी मी पुन्हा पहिल्यापासून खेपा घालायला लागले, आणि त्या चालू असतानाच पहिल्या अर्जाचं उत्तर घरी आलं. संध्याकाळ होती. मी खांद्याला शेक घेत बसले होते, म्हणून पाकीट नवऱ्याने फोडलं आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. त्याचा सरकारी मजकूर वाचायचा एक आवाज आहे, नाकातून येणारा, अर्जदार, उपरोक्त, संदर्भीय. मी लक्ष देत नव्हते.

"प्रत्यक्ष पाहणीत असे निदर्शनास आले की, अर्जदार यांचा खाद्यपदार्थ निर्मितीचा व्यवसाय गेल्या चार वर्षांपासून यशस्वीरीत्या सुरू असून, सबब सदर अर्ज अपात्र ठरविण्यात येत आहे." तो थांबला. कागद खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मला वाईट वाटलं असेल. "जाऊ दे. अपात्रच केलं त्यांनी."

शेकाची पिशवी मी बाजूला ठेवली.

"परत वाचा," मी म्हटलं.

"सगळं?"

"नाही. व्यवसायापासून."